सोडलेला गूळ

मला थोरल्याच्या जोडीला दुसरा मुलगा होईपर्यंत गोडाला शिवणार नाही, असं माझ्या सासूने, आत्याबाईंनी, परळीला वैजनाथासमोर बोलून टाकलं आणि गूळ सोडला. इकडे मी लेकीच्या वेळी बाळंतपणात मरता मरता वाचले होते, म्हणून माहेराहून येतानाच मूल न होण्याचं ऑपरेशन उरकून आले होते. नवऱ्याची त्याला सही होती. वर मला म्हणाला, "आईला सांगू नको, लई बोंब मारील." मोठा शूर गडी!

मीही स्वतःला फार हुशार समजायची. आत्याबाई बिनगुळाचा चहा बशीत ओतायच्या आणि म्हणायच्या, "देव बघतोय गं, यंदा व्हईल." मी "व्हय, आत्याबाई" म्हणून स्वयंपाकघरात पळायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. संक्रांतीला त्यांच्या वाट्याची गुळाची पोळी माझ्याच ताटात पडायची. तीही मी तूप लावून खायची. पुढं पुढं पोट असं सुटलं, की शेजारीण विचारायची, "कितवा गं?" आत्याबाई आशेने माझ्याकडे बघायच्या. मी काय बोलणार? तोंडात पोळी!

अशी बरीच वर्षं गेली. त्यांचा शेवट जवळ आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, जिभेवर गुळाचा खडा ठेवा. नवरा म्हणाला, "नको. आईने सोडलाय."

त्या दिवशी मला हसू आलं नाही.

आता माझं शहाणपण बघा. नातवाचं लग्न झालं आणि मीही गोड सोडलं. पतवंडाचं तोंड बघितल्यावरच खाईन म्हटलं. घरात मात्र साखरेचा आजार सांगितला. पण दिवाळीला पुण्याहून नातसून आली, तिने माझे रिपोर्ट बघितले आणि मला पकडलं.

"आजी, तुम्हाला साखर नाहीच की. मग लाडू का नाही खात?"

खरं ते सांगून टाकलं. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी, तुम्ही खा. आम्ही मूल होऊ देणार नाही. दोघांनी ठरवलंय."

"आत्ता नको म्हंजी?"

"कधीच नको."

"कावून गं?"

"सकाळी बाहेर पडतो ते रात्री घरी येतो. आणि खरं सांगू? मला हौसच नाही."

हौस! आमच्या वेळी हे कुणी विचारलंच न्हाई. मलाच मी विचारलं नव्हतं.

"रागावलात? पण तुम्हाला उगाच वाट बघायला नाही लावणार मी," असं म्हणून तिने माझ्या हातात लाडू ठेवला.

पोर सरळ आहे. तोंडावर सांगितलं, रागवायलाही जागा ठेवली नाही. आत्याबाईंना मी फसवलं, पण त्यांना शेवटपर्यंत वाट तरी बघता आली. मला तेवढंही उरलं नाही.

लाडवाला तुपाचा वास येत होता. मी तो परत डब्यात ठेवला.

"ऱ्हाऊ दे गं," मी म्हटलं. "मला खरंच साखर हाय."

 डब्याचं झाकण तिनेच लावलं.