पिल्लावरची मरळ

आमच्या शिरोलीच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी आमच्या घरात मासा शिजत नाही. त्यामुळे मी गळ घेऊन निघालो की आई टोमणा मारायचीच, "आज कुणाला खायाला घालणार हाईस?" त्या सोमवारी मात्र तिनं आपणहून खर्डा-भाकरी बांधून दिली. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आबा, म्हणजे माझे वडील, टायफॉईडमधून उठले होते. ताप गेला, पण भूक काही परतली नाही. दोन घोट पेज घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं, एवढंच चाललं होतं. आदल्या दिवशी म्हणाले, "आपल्या तळ्यातली मरळ गावली तर खाईन."

मला रागच आला. मरळ बाजारात मिळते. आमच्या तळ्यात मी शाळेत असल्यापासून गावाचं सांडपाणी आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी. अलीकडे सांडपाणी वळवलं, दोन उन्हाळे लोकांनी केंदाळ ओढून काढलं, तेव्हा कुठं पाणी दिसायला लागलं. चिलापी आली होती, पण ती डबक्यातही येते. मरळ कुणी बघितली नव्हती.

बरोबर दाजी होते, बहिणीचे मालक, इचलकरंजीचे. यंत्रमागाच्या खडखडाटात उमर गेल्यामुळं हा माणूस कुजबुजतोही ओरडून. मासे पळाले तर यांच्यामुळंच, असं मी दोनदा ऐकवलं. तरी दिवस झकास गेला. खर्डा-भाकरी खाल्ली, पाय पाण्यात सोडून बसलो. पाण्याला पाण्याचा वास येत होता, याचंच मला अप्रूप. दुपारपर्यंत सात चिलाप्या झाल्या आणि मरळीचा पत्ता नव्हता.

उन्हं कलताना काठाच्या लव्हाळ्याजवळ पाणी थरथरलं. वाकून बघितलं तर तांबड्या पिल्लांचा घोळका, आणि त्याच्याखाली काळीभोर मरळ, हातभर लांब. मी बेडूक लावलेला गळ उचलला.

"टाका की पावणं," दाजी म्हणाले. "पिल्लावर हाय, गळ सोडायची न्हाय ती."

खरंच सोडला नसता तिनं. पण पिल्लावरच्या मरळीला गळ टाकायचा नाही, हे आबांनीच मला लहानपणी बजावलं होतं. ती भुकेनं नाही, रागानं गळ धरते, म्हणायचे. आणि तीच मरळ आता आबांच्या पोटात जायला हवी होती. हात तसाच वर राहिला. शेवटी मी बेडूक सोडून दिला. दाजी घरापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, तेवढीच कानांना विश्रांती.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. ते उठून बसले.

"पिल्लं तांबडी हुती?"

"व्हय."

"आणि तू टाकला न्हाईस गळ?"

"न्हाई."

त्यांनी भिंतीला पाठ टेकली. मग म्हणाले, "म्या टाकलाता. तू दुसरीत हुतास. पावणं आलंतं घरात, त्यास्नी मोकळ्या ताटावर कसं बसवायचं? त्येच्यानंतर तळ्यात मरळ दिसलीच न्हाई कुणाला."

सांडपाणी त्याच वर्षी आलं होतं. तळं कशानं मेलं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. हा माणूस मात्र इतकी वर्षं ते स्वतःच्या माथी घेऊन बसला होता, आणि मी त्याच्या हट्टावर चिडलो होतो. मला फार वाईट वाटलं.

"उद्या मला दावाय न्हे," आबा म्हणाले.

"आधी जेवा."

आईनं परसात चुलीसाठी तीन दगड मांडले. सोमवार घरात राहिला, चिलापी बाहेर शिजली. आबांनी दीड भाकरी खाल्ली, आणि चिलापीत नुसते काटेच असतात म्हणून शेवटच्या घासापर्यंत तिला नावं ठेवली.