उन्हाकडची सावली

रिपोर्ट मेल करून दहा मिनिटं झाली असतील. तेवढ्यात मामा लॅपटॉपमध्ये डोकावले आणि म्हणाले, "एवढे खड्डे कुठले गं?"

ते खड्डे नव्हते. हिमालयातली बर्फाची शिखरं होती, उपग्रहाने वरून टिपलेली. पुण्यातल्या एका कंपनीत मी असेच फोटो तपासते. हिमनदीच्या तोंडाशी बर्फ वितळून तळी साचतात. त्यांना बांध म्हणजे नुसता दगडगोट्यांचा ढीग. तो सुटला की खालचं सगळं वाहून जातं. या वेळी खालच्या दरीत रस्ता बांधणाऱ्या मजुरांचा कॅम्प बसणार होता. वर तळं आहे का, एवढंच क्लायंटला हवं होतं. सॉफ्टवेअरने एक काळा डाग दाखवला होता. मी त्याला सावली ठरवलं आणि 'तळं नाही' असं कळवून मोकळी झाले.

मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तो आठवडा मी वडगाव रासाईला मामांकडे राहून काम करत होते. मामांना भाचीच्या कामाचं कौतुक फार, तेव्हा त्यांना नीट समजावून द्यायला बसले.

उपग्रह सकाळी फोटो काढतो. तेव्हा ऊन आग्नेयेकडून, म्हणजे फोटोत खालच्या बाजूने येतं. आपल्या डोळ्याला उजेड वरून यायची सवय. त्यामुळे डोंगर खड्ड्यासारखे दिसतात आणि दऱ्या उंचवट्यासारख्या. नवशिके यावर फोटो उलटा फिरवून बघतात. मी ते कधीच सोडलं होतं. आपला डोळा आता तयार झालाय, असा माझा तोरा. मामांसाठी म्हणून फिरवला.

"व्हय, आता झालं डोंगर," मामा खूश झाले. मग बराच वेळ बघत बसले. त्यांची शेवंतीची शेती. शेजारच्या उसाची सावली कुठल्या सरीवर कधी पडते, हे ते झोपेतही सांगतील.

"समद्या सावल्या डोंगराच्या खाली पडल्यात," ते म्हणाले. "आन् ही एकटीच वर, उन्हाकडं कशी?"

त्यांचं बोट त्याच डागावर होतं. मी मागच्या वर्षीचा याच दिवसांतला फोटो उघडला. डाग तिथेच होता, पण निम्मा. सावली अशी वर्षात दुप्पट होत नाही. ते तळंच होतं.

कंपनीतल्या माझ्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला.

"रिपोर्ट क्लायंटकडे गेला," त्या म्हणाल्या.

"चुकीचा गेलाय मॅडम. माझी चूक आहे. वर तळं आहे."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त खात्री आहे ना विचारलं आणि क्लायंटला कळवायला फोन ठेवला. कॅम्प दरीत न बसता वरच्या सपाटीवर बसला. तळं अजून फुटलेलं नाही, फुटूही नये. पण त्याच्या वाटेत आता कुणी झोपत नाही. याचं श्रेय मामांचं आहे आणि मी ते जन्मभर विसरणार नाही. मी पाया पडले तर तेच अवघडले. "म्या काय केलं? फोटो तर तूच फिरवला."

आपलं काम अधूनमधून त्यातलं काही न कळणाऱ्याला समजावून सांगावं. त्याला कळो न कळो, आपल्याला कळतं.

दुरुस्त रिपोर्टात चूक कुणी पकडली त्याचं नाव आणि हुद्दा लिहावा लागतो. मी मामांचं नाव लिहिलं, हुद्द्यापुढे 'शेतकरी'. मॅडमनी काही न खोडता सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: पुढचा रिपोर्ट यांना दाखवून पाठवणे.