वारं बांधणारे मामा

मामा गेल्याचा निरोप बोरीहून आला तेव्हा मी परभणीत गच्चीवर पापड वाळत घालत होते. ऐकलं, आणि रडू यायच्या आधी मनात आलं, आता ते खरं-खोटं विचारायचं कुणाला?

निजामी अमदानीत आमच्या मामांचा पंचक्रोशीत दबदबा होता, तो वारं बांधण्यासाठी. वावटळ उठली की मामा लोखंडी पहारीला भस्म लावून ती खळ्याच्या कडेला ठोकायचे. नेम एकच... बांधल्यावर कुणी जागचं हलायचं नाही, नाहीतर बांध सुटतो. वावटळ बहुतेकदा वळून जायची. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासरी मी मामांच्या नावानं काय फुशारक्या मारायची!

त्या दुपारची वावटळ मात्र निराळी होती. कडब्याच्या पेंढ्या उचलून आभाळात नेत होती. मी बोरीला मामांकडे आले होते, मामी आणि मी खळ्यावर होतो. मामांनी पहार ठोकली आणि ओरडले, "हलू नका! बांधायलोय म्या!" मी मामीचा हात ओढला. ती म्हणाली, "थांब गं, तुजे मामा हायत की." मी तिचा हात सोडला आणि देवळाकडे पळत सुटले. मामी उभीच राहिली. छपराचं लाकूड उडून तिच्या डोक्यात बसलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

गावानं तोंडावर काही म्हटलं नाही, पण मी पाणवठ्यावर गेले की बायका गप्प व्हायच्या. मामांनी पुन्हा पहार हातात धरली नाही. घराच्या दाराची कडी तेवढी उपटून टाकली. वारं सुटलं की कुणालाही आत शिरता यावं म्हणून. स्वतः उंबऱ्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे. एकदा धीर करून मी विचारलं, "मामा, माझ्यामुळं सुटलं का हो?" ते म्हणाले, "वारं कुनाच्या बापाला बांधता येतंय का, पोरी? त्येच्या मनानं वळायचं, नाव माजं व्हायचं. तू पळालीस ते लय ब्येस केलंस." हे खरं होतं की नुसती माझी समजूत काढणं, मला अजून कळलेलं नाही. त्यांचा माझ्यावर फार जीव होता, हीच तर अडचण.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी दुखवट्याला गेले. भर उन्हात अंगणातली धूळ गरगरत वर उठली. बायका त्या बिनकडीच्या दारातून भराभर आत शिरल्या. मामांची सून मला हाका मारत होती, "अक्का, आत या! आत या!"

माझे पाय हलेनात. आता मी हलले तर कुणाचं काय होईल, या भीतीनं मी अंगणात तशीच उभी राहिले.