भंडारदऱ्याला निघालेली लाल गाडी

आमचे धाकटे दीर गोरक्षनाथ यांना कोल्हारात सगळे रेडिएटरवाले म्हणूनच ओळखतात. नगर-मनमाड रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान आहे. ट्रॅक्टर-टेम्पोच्या इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी खोलायची, गळती झाळायची, आत धरलेला क्षार सळईने खरवडायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेल्या डागांचा. कुणी विचारलं तर म्हणतात, "तापल्यालं झाकण घाईनं उघडलं की असं व्हतं. तवापासनं घाई सोडली."

बोलणंही त्यांनी तेव्हाच सोडलं असावं. मी सकाळी देवापुढे बसले की शेजारच्या दुकानातली ठोकाठोक थांबते. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी दाखवलं नाही. आरतीची घंटा वाजली की पुन्हा सुरू.

लाल गाडी त्यांची नाही, नगरच्या कर्नलसाहेबांची. जुनी विलायती, दोनच माणसांची, छप्पर नाही, आणि इतकी बुटकी की आत बसलेला माणूस रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखा दिसतो. पंचवीस वर्षांपूर्वी साहेब बाईसाहेबांना घेऊन भंडारदऱ्याला निघाले असताना ती आमच्या दारात वाफ सोडत थांबली. भाऊजींनी दुरुस्त केली, आणि मग दर उन्हाळ्यात साहेब तिला त्यांच्याकडेच आणू लागले. पुढे बाईसाहेब गेल्या, साहेबांची नजर अधू झाली आणि गाडी भाऊजींच्या शेडमध्येच राहिली.

यंदा शिवरात्र झाल्यावर साहेबांचा फोन आला. वय चौऱ्याऐंशी. लग्नाच्या वाढदिवसाला, भर मे महिन्यात, त्यांना धरणावर जायचं होतं, तेही ह्याच गाडीतून. पुढच्या उन्हाळ्याचं आपल्याला सांगता येत नाही, असं ते म्हणाले. भाऊजी म्हणाले, "नेतो, साहेब." एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष राहिलं नाही. थंड देशात जन्मलेली गाडी, तिला आमचं ऊन सोसायचं कसं?

त्यांनी जाळी उतरवून तीनदा साफ केली. बोअरचं पाणी क्षाराचं म्हणून बॅटरीचं पाणी विकत आणून भरलं. एक विजेवरचा पंखा बसवला. दुपारी गाडी लिंबाखाली, वर ओलं गोणपाट. माझी जाऊ मनकर्णा म्हणायची, "घरातल्या माठाला कधी ओलं फडकं गुंडाळलं न्हाई या माणसानं, आन् तिला दिसातनं चारदा आंघोळ." पण गोणपाट वाळलं की भिजवायची तीच. एका रविवारी भर दुपारी भाऊजी गाडी संगमनेरपर्यंत नेऊन आले. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा मधल्या खुणेच्या वर सरकला नाही. त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, असं माझ्या रोजच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेलं आहे.

साहेब आदल्या दिवशीच मुक्कामाला आले. पहाटे मी गाडीची पूजा केली. मोठा प्रवास, म्हातारं माणूस, बिनपूजेचं कसं पाठवायचं? चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. भगवतीमातेच्या ओटीतला हिरवा खण प्रसाद म्हणून मिळाला होता, तो गाडीच्या तोंडावर आडवा ताणून बांधला आणि त्यावर झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घातला. बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधावं तशी दिसत होती. भाऊजी बघत उभे होते. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्यांनी हात जोडले आणि गाडी चालवायला साहेबांशेजारी बसले. मागून जीपमध्ये आम्ही: आमचे हे, मी, मनकर्णा आणि दशम्यांचा डबा.

संगमनेरपर्यंत सकाळचा गारवा होता. अकोल्याच्या अलीकडे लाल गाडी पहिल्यांदा थांबली. पंधरा मिनिटं सावलीत. मग पाच किलोमीटर आणि पुन्हा थांबली. भाऊजींनी पाणी पाहिलं, पट्टा पाहिला, पंखा पाहिला. सगळं ठीक, तरी काटा वर. थंडीत पायांना शेक द्यायचं एक यंत्र त्या गाडीत आहे. ते चालू केलं की इंजिनाची थोडी उष्णता आत येते. भाऊजींनी तेही केलं. मे महिन्यात साहेब पायांवर गरम वारा घेत, ताठ बसून होते. म्हणाले, "गोरक्ष, माझी संधिवाताची गोळी आज वाचली."

राजूरच्या चढाला लागलो आणि गाडीने वाफच सोडली. भाऊजी दगडावर बसले. त्यांचा चेहरा मी आयुष्यात असा पाहिला नव्हता. वर चढ तसाच होता, ऊन वाढत होतं. साहेब म्हणाले की इथूनच परत फिरू, नजर अधू आहे, धरण नाहीतरी पुसटच दिसणार.

मी साहेबांना पाणी द्यायला पुढे गेले. जाता जाता हाराला हात लागला आणि चटका बसला. झेंडू भाजीसारखा शिजला होता. खण बाजूला केला तर मागची जाळी भट्टीसारखी तापलेली. माझ्या लक्षात आलं. गाडीचं तोंडच मी बांधून टाकलं होतं, जाळीला वारा लागणार कुठून?

"भाऊजी, तुम्हाला हे कळलं नाही?"

ते मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "कळलं हुतं, वहिनी. घरूनच."

"मग सांगायचं नाही?"

"देवीचा खण हाय. तुमी बांधल्याला. म्या कसा सोडू?"

मनकर्णा म्हणाली, "तीस वर्सं लोकांच्या जाळीतला कचरा काढतोय, आन् वहिनीफुडं तोंड उघडंना." साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मी भगवतीला हात जोडले, चूक माझी म्हटलं आणि खण सोडला. हाराचं निर्माल्य झालंच होतं, ते जांभळीच्या बुंध्याशी ठेवलं. खणाचं काय करावं सुचेना, तर साहेबांनीच मागून घेतला, पाण्यात भिजवून डोक्याला गुंडाळला. देवीचा प्रसाद माथ्यावर, यात चूक काय?

अर्धा तास गाडी निवू दिली. भाऊजींनी झाकण फडक्याने, सावकाश, आधी थोडंसं फिरवून मग उघडलं, पाणी भरलं. पुढचा सगळा चढ काटा मधल्या खुणेवर.

धरणावर साहेब बराच वेळ पाण्याकडे तोंड करून बसले. त्यांना किती दिसलं, मी विचारलं नाही. मग घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "तिच्याबरोबर आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते, आणि वर्षभर तिचे टोमणे ऐकून घेतले. आज अकरा. गोरक्ष, पुढच्या वर्षी दहाला पोचायचं."

भाऊजींनी मान डोलावली. दशमी खाल्ली, बोटं एकेक पुसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, फुडच्या वर्सी हार मागं बांधा."