वाढीला ठेवलेले तीन इंच

माणूस समोर आलं की इतर लोक त्याचं नाव-गाव विचारतात. आमच्या आत्या त्याचं माप घ्यायच्या, तेही नुसत्या नजरेनं. लग्न होऊन मी कोल्हापूरहून तंजावरला आले, उंबरा ओलांडला आणि त्यांच्या पाया पडायला वाकले. आशीर्वाद मिळेल म्हणून मान खाली घालून थांबले होते. वरून आवाज आला, "खांदा साडेतेरा. कोल्हापुरांत मुलींना जेवायला घालत नाहींत कां?"

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. ओरत्तनाडूच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवण शिकवलं, रोज गावच्या बसनं जाऊन-येऊन. निवृत्त झाल्या, पण गळ्यातली टेप काही उतरली नाही. देवळात जाताना, बँकेत, लग्नात, कुठंही टेप गळ्यात. नातेवाइकांत त्यांचं नावच 'इंचटेप आत्या' पडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या घरातले लोक कित्येक पिढ्या तंजावरला राहिलेले. त्यांची मराठी जुनी, सुरावट तमिळ, आणि देवनागरी अक्षर कुणालाच वाचता येत नाही. आत्यांनाही येत नव्हतं. हे लिहिताना मला तेवढाच दिलासा आहे.

"वाढायला जागा नको कां?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी शिवलेल्या प्रत्येक कपड्यात आतल्या बाजूला तीन इंच दाबून ठेवलेले असत. मुलांच्या कपड्यात ठेवणं समजू शकतं. पण चाळिशी उलटलेल्या माझ्या नवऱ्याच्या, रघूच्या, शर्टातही तीन इंच असायचे. तो कुठं वाढणार, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी त्याच्या पोटाकडे बघून सुईत दोरा ओवला. आणि या घराचा एक नियम होता. दुकानातून आणलेला तयार कपडा मूल परस्पर अंगात घालत नसे. तो आधी आत्यांकडे जायचा. त्या तो उलटा करायच्या, शिलाई नखानं ओढून बघायच्या, बहुतेक वेळा नाक मुरडायच्या आणि उसवून पुन्हा शिवायच्या. माझ्या मुलीच्या, जानूच्या, पहिल्या वाढदिवसाचा फ्रॉक तिनं घातला तो तिसऱ्या वाढदिवसाला.

जानूला पोहायला शिकवायचं, हे मात्र मी कुणालाही न विचारता ठरवलं. या भागात जिकडं बघावं तिकडं कालवे. भाताच्या शेताला पाणी सुटलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी, आणि पोरं त्याच्या काठानं सायकली दामटत शाळेला जातात. मी स्वतः मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले होते. नऊ वर्षांच्या जानूला गावातल्या तरणतलावावर घातलं, टी-शर्ट आणि अर्धी चड्डी या वेशात. पोरगी पाण्यात अशी रमली की बाहेर काढायला शिट्टी वाजवावी लागे. चार महिन्यांनी तिथल्या कोचनी मला बोलावून सांगितलं, "हिच्यात दम आहे. शाळांच्या स्पर्धेत उतरवू या. पण टी-शर्ट चालणार नाही. अंगाबरोबर बसणारा नायलॉनचा स्विमसूट पाहिजे."

एवढीशी गोष्ट. दुकानात जायचं, माप द्यायचं, पिशवीत घालून आणायचं. आमच्या घरात त्याला सहा आठवडे लागले.

मी फोनवर एक चित्र शोधलं. बिनबाह्यांचा, मांडीपर्यंत येणारा, साधा काळा. रघूला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "चांगला आहे. आत्याला एकदा दाखवू या."

"मुलगी कुणाची आहे?" मी विचारलं.

"आपलीच. पण दाखवायला काय जातं?"

जे जायचं ते गेलंच. रघूनं ते चित्र आत्यांना दाखवण्याआधी घराच्या ग्रुपवर टाकलं. चेन्नईची नणंद म्हणाली, आजकाल सगळ्या घालतात. बेंगळुरूच्या चुलतदिरानं गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकणारा एक पोशाख पाठवला, तो पाणबुड्यांचा होता. एका काकांनी उगवत्या सूर्याचं चित्र पाठवून सर्वांना सुप्रभात म्हटलं. आणि माझा नवरा प्रत्येकाला पसंतीचा अंगठा दाखवत होता. विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर आहे." या माणसाबरोबर मी चौदा वर्षं संसार केला आहे.

आत्यांनी फोन हातात धरून लांब नेला, जवळ आणला. "ह्यांत कापड कुठें आहे?" त्यांनी विचारलं.

"एवढंच असतं, आत्या. पाण्यात जास्त कापड अडचण करतं."

"तूं कशांत शिकलीस पोहायला?"

मी खुर्चीवरचे कपडे आवरायला घेतले. त्यांनी पुन्हा विचारलं.

"फ्रॉकमध्ये," मी म्हणाले.

"मग?" आत्या म्हणाल्या, आणि फोन मला परत दिला. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. "बाही कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत. मी शिवतें."

माझ्या मुलीनं काय घालावं यावर मी भांडायला हवं होतं. मी भांडलेही, पण स्वयंपाकघरात, रघूशी, आणि तो मान डोलवत इडली खात होता. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली तेव्हा मी हात टेकले. आत्यांनी पेटीतून शाळेच्या गणवेषाचं उरलेलं निळं टेरिकॉट काढलं. हे नायलॉन नाही, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, नायलॉनपेक्षा हें दहा वर्षं जास्त टिकेल. पायाला नाडी, गळ्याला बंद, कमरेला झालर. आणि आत, बाह्यांना, पायांना, बाजूंना, सगळीकडे ते तीन इंच, धावदोऱ्यानं दुमडून ठेवलेले. जानूनं तो अंगात घातला, आरशात पाहिलं आणि काही बोलली नाही. ती शहाणी मुलगी आहे. आत्यांनी तिची अलाबला घेतली.

दुसऱ्या दिवशी तलावावर काय झालं ते मी काठावरून पाहिलं. जानूनं उडी मारली आणि तो पोशाख फुगला. झालर वर आली, बाह्या फुगल्या, आणि मग आत दुमडलेल्या त्या कापडात पाणी भरायला लागलं. धावदोरा सैल, प्रत्येक दुमड म्हणजे एक खिसा झाला होता. पोरगी हात मारत होती आणि जेमतेम पुढे सरकत होती. मधोमध पोचल्यावर तिचं डोकं एकदा खाली गेलं. वर आली, परत गेली. कोचनी लांब बांबू पुढे केला, तिनं तो धरला आणि त्यांनी तिला ओढून काठाला आणलं. तिला खोकला आवरत नव्हता. पलीकडची चार-पाच पोरं हसत होती, आणि एकीनं तमिळमध्ये विचारलं, "तुझ्या आजीची पोतडी घालून आलीस का गं?"

घरी येईपर्यंत जानू स्कूटरवर माझ्या पाठीला चिकटून बसली होती. फाटकाशी उतरल्यावर म्हणाली, "अम्मा, मी आता जाणार नाही. कधीच नाही."

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. पाणी गळणारा तो निळा गोळा मी आत्यांच्या मशीनवर टाकला आणि जे बोलायचं नाही ते बोलले. तुमच्या तीन इंचांनी माझी मुलगी बुडाली असती. तुम्ही तिचं पोहणं संपवलंत. तुम्हाला पाण्यातलं काय कळतं? रघू दारात उभा राहून "अगं, अगं" म्हणत होता. आत्यांनी तो ओला कपडा उचलला, उलटा केला, दुमडींवरून बोट फिरवलं. मला त्यांचा राग होता, तो त्या गप्प राहिल्यामुळे आणखी वाढला.

दोन दिवस घरात मशीनचा आवाज नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या चपला घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मला तें तळें दाखव. बायकांची वेळ कधीं असते?"

शनिवारी सकाळी बायकांची वेळ होती. मला वाटलं, काठावर बसून बघतील. आत्यांनी टेप गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या गळ्याशिवाय पाहिली. मग कठड्याला धरून, नेसल्या सुती लुगड्यानिशी, त्या उथळ पाण्याच्या पायऱ्या उतरायला लागल्या. तिथल्या बाईंनी ओरडून सांगितलं, साडी चालत नाही. आत्यांनी तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "खांदा सोळा. दोन मिनिटें थांब, अम्मा." ती बाई खरंच थांबली.

पाणी कमरेला आलं. लुगडं चहूबाजूंनी वर आलं आणि त्यांच्याभोवती पसरलं. त्या ते हातांनी खाली दाबत होत्या, ते पुन्हा वर येत होतं. मी घाबरून त्यांचा दंड धरला.

"सोड," त्या म्हणाल्या. "बघूं दे. कापड पाण्यांत काय करतें तें मला कोणीं शिकवलें नाहीं."

मग तिथंच, पाण्यात उभ्या राहून, त्यांनी सांगितलं. लहानपणी त्यांचं घर तंजावरशेजारी तिरुवैयारूला, कावेरीच्या काठी. भाऊ पूल गाठेपर्यंत पोहत जायचे. त्याही जायच्या, भावांच्या पुढे. अकरावं लागलं आणि वडिलांनी सांगितलं, उद्यापासून शेवटच्या पायरीखाली उतरायचं नाही. तेव्हापासून पायरीवर बसायचं आणि तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचं. "मी जानूला शिवलें तें पायरीवर बसणाऱ्या पोरीसाठीं शिवलें," त्या म्हणाल्या. "चूक माझी. पोहणारीसाठीं कसें शिवतात, मला ठाऊक नाहीं."

माझा राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. मी त्यांचा दंड पुन्हा धरला, या वेळी त्यांनी सोड म्हटलं नाही.

घरी येऊन त्यांनी मला नायलॉन आणायला पाठवलं. ताणणारं कापड त्यांच्या जुन्या मशीनला झेपेना. सुई टाका सोडायची, दोरा तुटायचा. शेवटी त्यांनी बहुतेक शिवण हातानं घातलं, आणि जन्मात पहिल्यांदा अंगाबरोबर बेतलं, आत एक सूतभरही न ठेवता. पण बाही कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत, त्यावर तसूभर हटल्या नाहीत. "फुगणार नाहीं, एवढेंच मी कबूल केलें," म्हणाल्या. जानूला परत पाण्यात न्यायला मला आठ दिवस लागले. पहिल्या दिवशी ती पायऱ्यांवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी आत्या येऊन तिच्या शेजारी बसल्या, आणि त्या दिवशी ती उतरली. स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली. आत्या वर बसून बाकीच्या पोरींची मापं मोठ्यानं सांगत होत्या आणि मी दुसरीकडं बघत होते.

पुढची दोन वर्षं आमचं भांडण चालूच राहिलं. मी बिनबाह्यांची चित्रं दाखवायची, त्या मान फिरवायच्या, रघू दोघींना अंगठा दाखवायचा. जानू रोज पोहायची आणि आम्ही रोज वाद घालायचो. तिचा वेळ सुधारत नव्हता. कोच म्हणायचे, हात मोकळा फिरत नाही. मी आत्यांकडे बघायची.

गेल्या पोंगलनंतर आत्या गेल्या. त्या जायच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. हृदय थकलं होतं, त्या पडूनच असायच्या. पोशाख जानूला आता काखेत रुतत होता, नवा घ्यायलाच हवा होता, आणि मी त्यांच्या खाटेशी बसून फोनवर चित्रं काढली. इतकी वर्षं आत्यांमागे लपलेल्या रघूला त्या दिवशी अचानक मत फुटलं. म्हणाला, "आता ती मोठी होते आहे. बाह्या असू देत." मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. दोघांचे आवाज चढले.

"पोदुम," आत्या म्हणाल्या. पुरे. त्यांचा आवाज इतका बारीक होता की आम्ही दोघंही गप्प झालो. "तिला विचारलांत कां?"

जानू दारात उभी होती, ओले केस टॉवेलात गुंडाळून, हातात चकलीसारखा मुरुक्कू. सगळे आपल्याकडं बघताहेत म्हटल्यावर तिनं चावणं थांबवलं.

"मला बाही नको," ती म्हणाली. "हात वर नेला की ओढतं. गुडघ्याचं मला काही नाही, असू दे तसंच."

"हें दोन वर्षें कां नाहीं सांगितलेंस, कण्णा?" आत्यांनी लाडानं विचारलं.

"कोणी विचारलंच नाही."

मी रघूकडं पाहिलं, रघूनं जमिनीकडं. इतक्या चित्रांत, इतक्या भांडणांत, मी माझ्याच मुलीला एकदाही विचारलं नव्हतं. मी तर तिच्या बाजूनं भांडते आहे, असं समजत होते.

आत्यांनी तो जुना पोशाख मागवला, आणि कात्री. मी म्हणाले, "राहू द्या आत्या, मी नवा आणते." त्यांनी ऐकलं नाही. उशीला टेकून बसल्या, जानूला जवळ घेतलं, तिचा हात वर धरायला लावला आणि खांद्याशी खडूची खूण केली. एक बाही थोडी तिरपी कापली गेली. दोन्ही तुकडे त्यांनी मांडीवर ठेवले आणि मान वर न करता जानूला म्हणाल्या, "मला पण कोणीं विचारलें नव्हतें."