पावशेर बँडात जातो

बेकरीतला तो माणूस इतका किडकिडीत, की सगळी गल्ली त्याला पावशेर म्हणायची. दिवसभर मैदा मळायचा, भट्टीपाशी उभा राहायचा, आणि डोक्यात मात्र रात्री घरी वाजवलेली क्लॅरिनेट घुमत असायची. पाव फुगताना बघितले की त्याला वाटायचं, आपणच त्यांच्यात हळूहळू फुंकर घालतोय. त्या नादात एकदा अख्खा ट्रे जाळला. मालक ओरडला, तर पठ्ठ्याला तेही सुरात ऐकू आलं.

बायको म्हणायची, "झोपेत माझ्या दंडावर बोटं नाचवता. मी वाजते थोडीच? जा की एकदा बँडात!"

जाणार कसा? गल्लीतला बँड जुना. माणसं तीच, गाणी तीच, भांडणंसुद्धा तीच. पण क्लॅरिनेटवाल्या काकांचे पुढचे दात पडले आणि बँडमास्तरांचा निरोप आला, "रविवारी दुपारी येऊन वाजव. जमलं तर काकांची जागा तुझी. नाहीतर दुसरा एक तयारच बसलाय."

सायकलच्या दुकानावर बँडाची खोली. पितळेच्या वाद्यांवर ऊन लोळत होतं, त्याचे कवडसे भिंतीवर माशांसारखे पोहत होते. काका आपल्या खुर्चीत बसले होते. पावशेर बँडाच्या ढगळ कोटात, क्लॅरिनेट धरून उभा.

"कोटात माणूस आहे ना रे?" ढोलवाले मामा म्हणाले. "का नुसतीच खुंटी?"

मास्तरांचा हात वर गेला. संथ, लांबलचक गाणं. बेकरीतल्या रेडिओवर, यंत्राच्या घरघरीतून ऐकून ऐकून पावशेरनं ते पाठ केलेलं. डोळे मिटले तसे पाय जमिनीवर आहेत की नाहीत, तेही त्याला कळेना. सूर कुठल्याशा नदीवरून चाललाय आणि आपण त्याच्या काठाकाठानं... आणि एकदम लक्षात आलं, आपण एकटेच वाजवतोय.

डोळे उघडले. मामांची काठी हवेत. सगळ्यांची तोंडं वाद्यांपासून दूर.

"अरे, थांबायचं असतं तिथे!" मामा म्हणाले.

झालं, गेली जागा! पावशेरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "पण गाण्यात तर थांबा नाही," तो पुटपुटला.

मास्तरांनी मामांकडे पाहिलं, मामांनी ट्रम्पेटवाल्या ताईकडे. "आम्ही आपले पहिल्यापासून थांबतो बाई," ताई म्हणाली.

काका बोळकं पसरून हसायला लागले. "माझी छाती फुटकी रे. तिथे दम संपायचा. मास्तर, तुझ्याआधी तुझे वडील बँड चालवायचे, ते माझ्यासाठी थांबायचे. त्यांचं बघून हे मामा थांबले, मामांचं बघून तू."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?" मास्तर म्हणाले.

"एवढी माणसं आपल्यासाठी थांबतायत, कोण बोलेल?"

खोली हसून हसून बेजार. मास्तरांनी डोळे पुसले. "काय रे पावशेर, आता तू सांग. न थांबता वाजवायचं?"

एवढा दमाचा माणूस, पण त्यानं मान हलवली. "नको. थांबू या. मला फक्त खूण करा."

पुन्हा गाणं निघालं. मामांनी भुवई उडवली आणि पावशेर थांबला. त्या पोकळीत सगळ्यांचे श्वास ऐकू आले, जाडे, बारीक, शीळ घालणारे. त्यात आपला कुठला, हे त्याला ओळखू येईना. मग ढोलावर काठी पडली आणि सगळे मिळून पुढच्या ओळीत उतरले.

गाणं संपायच्या आत काका उठले. "उभ्यानं किती वाजवशील? बस."

पावशेर वाजवता वाजवता बसला. खुर्ची अजून ऊबदार होती.