खवट तेलाची वाटी

सुमेधाला लहानपणापासून घरात ‘नाकवाली’ म्हणत. काचीगुड्याच्या त्यांच्या इमारतीचा जिना चढता चढताच कोणाकडे चिंचेचं पुलुसु उकळतंय, कोणाचं दूध लागलंय, हे ती सांगून टाकायची. म्हणून तिने युनिव्हर्सिटीत फूड टेक्नॉलॉजी घेतलं, तेव्हा तिच्या आईला, त्रिवेणीला, नवल वाटलं नाही.

मागच्या थंडीत सुमेधा तापाने पडली. ताप उतरला, पण तापात गेलेली वास घ्यायची ताकद परतली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वाट पाहा. सुमेधाने कॉलेजात कोणालाच कळू दिलं नाही. घरात पप्पांनाही नाही. उद्याच्या प्रात्यक्षिकात तीन नमुन्यांतला बिघडलेला नमुना हुंगून ओळखायचा होता. नापास झाली तर वर्ष गेलं. आणि नाकच नसलेल्या मुलीला या कामात ठेवणार तरी कोण?

त्रिवेणी रोज संध्याकाळी ओट्यावर तीन वाट्या मांडायची. दोन वाट्यांत ताजं शेंगदाणा तेल, एकीत खवट. खवट वाटीच्या बुडाला ती खुणेची टिकली चिकटवायची. सुमेधा डोळे मिटून हुंगायची आणि बहुतेक वेळा चुकायची.

आज बराच वेळ घुटमळून तिने मधली वाटी उचलली.

“ही. हीच ना, मम्मी?”

टिकली डावीकडच्या वाटीला होती.

“हौ, हीच,” त्रिवेणी म्हणाली.

सुमेधा ओट्याला टेकून रडली, मग हसली. “बघ, येतोय वास! थांब, पप्पांना मिरचीची भजी करते.” मधली वाटी तिने बुडाकडे न बघताच सिंकमध्ये रिकामी केली आणि उरलेल्या दोन्ही कढईत ओतल्या.

त्रिवेणीचा हात पुढे झाला आणि तिथेच राहिला. तिने फक्त खिडकी उघडली. तेल तापलं तसा उग्र वास घरभर पसरला. सुमेधा गुणगुणत भजी सोडत होती.

तेवढ्यात त्रिवेणीचा नवरा दिलीप ऑफिसातून आला. दारातच त्याने नाकाला रुमाल लावला.

“कायकू गं एवढं खवट तेल? युनिव्हर्सिटीत हेच शिकवतात का, नाकवाली?”

सुमेधाचा झारा थांबला. तिने गॅस बंद केला. मग रिकाम्या वाट्या एकेक करून उलट्या केल्या. टिकली सापडली.

“उद्यासाठी तुला धीर यावा म्हणून...” त्रिवेणी पुटपुटली.

“उद्या तिथे ‘हौ’ कोण म्हणणार, मम्मी?”